साडेतीन तास आणि दोन मिनिटं

आज आईला घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात गेले. डिचोलीला जाणारी सकाळची पहिली बस, केस पेपर, मग रांग. साडेतीन तास. डॉक्टरांसमोर दोन मिनिटं, फार तर. त्यांना दोष देत नाही, बाहेर अजून साठेक माणसं होती.

रांगेत शेजारच्या मावशी म्हणाल्या, "जिवाक बरें ना." झोप नाही, अंग दुखतं, डोकं जड. गोळ्यांची पुडी घेऊन गेल्या. घरी काय चाललंय ते कोणी विचारलंच नाही. विचारणार कधी?

गंमत म्हणजे याचं उत्तर आपल्या गोव्यातच शोधलं गेलंय. 'मानस' नावाचा अभ्यास, मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि 'संगाथ' संस्थेचा, 2010 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. डॉक्टरी न शिकलेल्या माणसांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक म्हणून दवाखान्यांत बसवलं. ऐकणं, समजावणं, पुन्हा बोलावणं, गरज पडली तरच पुढची पायरी. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी नैराश्य-चिंतेचे 65.9 टक्के रुग्ण बरे झाले, नेहमीच्या उपचारांत 42.5 टक्के. खाजगी दवाखान्यांत मात्र फारसा फरक दिसला नाही. मला तर हीच गोष्ट जास्त विचार करण्यासारखी वाटते. तिथे बहुधा डॉक्टर आधीच ओळखीचा असतो, घरचं विचारतो.

निदान आमच्या दवाखान्यात तशी खुर्ची आज दिसली नाही.

परतताना आई म्हणाली, "त्या बाईशी तूच बोलायचंस ना गो." बोलले होते. मावशींचा नवरा जाऊन चार महिने झालेत.