आई विचारते, मासे गारठले का?

रविवारच्या फोनवर आईचा शेवटचा प्रश्न ठरलेला असतो. "आणि ते मासे रे? गारठले असतील की." इस्लामपुरात डिसेंबरात पारा 12 वर आला की ती कानटोपी काढते. आम्ही अमेरिकेत, मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिसच्या दक्षिणेला राहतो. इथे जानेवारीत उणे 25 झालं तरी लोक फक्त गाडी सुरू होतेय ना एवढं बघतात.

घर घेतलं तेव्हा परसातलं तळं आणि त्यातले सात गोल्डफिश घरासोबतच आले. तळं म्हणजे आठ बाय दहा फुटांचा खड्डा, आत जाड रबरी कापड, मधोमध चार फूट खोल. पहिल्या वर्षी मलाही आईसारखीच धास्ती होती. पण पाणी 4 अंशांना सगळ्यात जड असतं, ते तळाशी बसतं आणि बर्फ वर तरंगतो. मासे तळाशी, जवळजवळ न हलता, पडून राहतात. पाणी 10 अंशांखाली गेलं की त्यांना खायला घालायचं नाही, कारण पचत नाही. एप्रिलपर्यंत कडकडीत उपास. हे आईला अजून पटलेलं नाही.

थंडीपेक्षा भीती गुदमरण्याची. बर्फाचं झाकण घट्ट बसलं की खाली कुजणाऱ्या पानांचे वायू आतच कोंडतात. वर स्नो साचला तर उजेड पोचत नाही, मग शेवाळंही ऑक्सिजन बनवत नाही. मिनेसोटातल्या उथळ तलावांत असे मासे मरतात, त्याला 'विंटरकिल' म्हणतात. आपल्याकडे हेच मे महिन्यात होतं. तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि पहाटे मासे वर येऊन तोंडं वासतात.

म्हणजे काम एकच, बर्फात एक भोक उघडं ठेवायचं. पहिल्या डिसेंबरात मी हातोडा घेऊन निघालो, तर शेजारचे आजोबा कुंपणापलीकडून ओरडलेच. बर्फावर घाव घातला की त्याचा दणका पाण्यातून थेट माशांना बसतो. त्यांचा उपाय साधा, उकळत्या पाण्याचं भांडं बर्फावर ठेवायचं. मी बायकोचं पुरणाचं मोठं पातेलं ठेवलं आणि मीटिंगला बसलो. तासाभरानं बघतो तर भोक राहिलं बाजूला, पातेलंच बर्फात रुतलेलं. ते सोडवायला तीन किटल्या पाणी लागलं. बायको काय म्हणाली ते लिहीत नाही.

मग एअर पंप आणला. बुडबुड्यांनी पाणी हलतं राहिलं की तेवढी जागा सहसा गोठत नाही. एअर स्टोन, म्हणजे नळीच्या टोकाचा बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड, मात्र तळाला टाकायचा नाही. तळाचं 4 अंशांचं पाणी वर ढवळलं गेलं तर माशांचं पांघरूण काढल्यासारखं होतं. पाण्याच्या वरच्या पातळीपासून फूट-दीड फूट खाली टांगायचा. मी वर शहाणपणा करून पंप गॅरेजमध्ये, उबेत ठेवला. उबदार हवेतली वाफ बाहेरच्या नळीत गोठली आणि दोन दिवसांत बुडबुडे बंद. आता पंप बाहेरच असतो, उलट्या प्लास्टिकच्या खोक्याखाली. फारच कडाका पडला तर तरंगता डी-आयसर, म्हणजे बर्फ धरू न देणारा विजेचा हीटर, लावतो. पंप 35 वॉट खातो आणि तो 1,250, म्हणून बिल येईपर्यंत त्याच्याकडे बघवत नाही.

पण माझे मासे गेले ते हिवाळ्यात नाही, ऑक्टोबरात. उन्हाळाभर पाणी उतरायचं, मी भर घालायचो. बाष्पीभवन असेल म्हणून सोडून दिलं. शेवटी आजोबांनीच बादली भरून तळ्याच्या पायरीवर ठेवायला लावली. दोन दिवसांत बादलीतलं पाणी बोटाच्या पेरापेक्षाही कमी उतरलं, तळ्यातलं चार बोटं. म्हणजे गळती. छोट्या धबधब्याच्या कडेला रबर दुमडून पाणी मागच्या मातीत झिरपत होतं. दुमड उचलली, दगड सरकवले, झालं. बर्फ धरायच्या आत तळं काठोकाठ हवं म्हणून होज लावला आणि आत चकल्या पाडायला बसलो. दिवाळी होती. होज आठवला तेव्हा पाणी कुंपणापर्यंत पोचलं होतं. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीननं सकाळपर्यंत दोन मासे उताणे. आता क्लोरीन मारणारं औषध आधी ओततो, मग नळ, आणि फोनवर दहा मिनिटांचा गजर. रात्रभर पाणी ठेवून भागत नाही, कारण इथे बऱ्याच शहरांत क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियापासून बनलेलं) घालतात, ते तसं उडून जात नाही.

उरलेले पाच चिवट आहेत. गोल्डफिशची जातच तशी. ऑक्सिजन अगदी संपला तरी त्यांच्या शरीरात अल्कोहोल तयार होतं, ते कल्ल्यांतून बाहेर टाकत ते काही काळ तग धरतात. म्हणूनच कंटाळा आला म्हणून त्यांना तलावात सोडायला इथे कायद्यानं बंदी आहे. 2021 मध्ये इथल्याच बर्न्सव्हिल गावच्या केलर तलावात अमेरिकन फुटबॉलएवढे गोल्डफिश सापडले होते. सोडलेल्यांचीच पिलावळ.

गेल्या रविवारी आई म्हणाली, दाखव. फोन घेऊन, बूट चढवून बाहेर गेलो. पांढऱ्या पसाऱ्यात ताटाएवढं काळं पाणी, त्यात बुडबुडे.

"कुठंयत?"

"खाली आहेत गं. आता एप्रिलशिवाय दिसायचे नाहीत."

"मग आहेत कशावरून?"

टॉर्च मारला. खाली काहीतरी नारिंगी हललं, किंवा पान असेल. आई म्हणाली, "बरं, तू आत जा आधी. टोपी कुठंय तुझी?"