२० अँगस्ट्रॉम खोल घळ

चेतापेशीने स्नायूला निरोप देण्यासाठी सोडलेले ॲसिटिलकोलिन, निरोप पोचताच, तोडून टाकणे हे ॲसिटिलकोलिनएस्टरेज या विकराचे (एन्झाइमचे) काम. त्याचा एक रेणू सेकंदाला हजारो रेणूंचा निकाल लावतो. १९९१ साली इस्रायलमधील रेहोवोतच्या वाइझमन संस्थेतील जोएल ससमन, इस्रायल सिल्मन आणि सहकाऱ्यांनी त्याची स्फटिकरचना २.८ अँगस्ट्रॉम विभेदनाने (बारकाव्याने) प्रसिद्ध केली; एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. त्यासाठीचे विकर त्यांनी टॉर्पेडो कॅलिफॉर्निका या विद्युत्-माशाच्या वीज निर्माण करणाऱ्या इंद्रियातून मिळवले होते, कारण स्नायूपासूनच उत्क्रांत झालेल्या या इंद्रियात ते विपुल असते.

एवढ्या चपळ विकराची विक्रियास्थळी, म्हणजे रेणू तोडला जातो त्या जागी, जाणारी वाट मोकळी असेल असे कोणालाही वाटावे. प्रत्यक्षात ती जागा सुमारे २० अँगस्ट्रॉम खोल आणि अरुंद अशा घळीच्या तळाजवळ सापडली. तिथे रेणू तोडणारे सेरीन २००, ग्लुटामेट ३२७ आणि हिस्टिडीन ४४० हे अमिनो आम्लांचे त्रिकूट आहे (आकडे प्रथिनाच्या साखळीतील क्रमांक). ट्रिप्सिनसारख्या पाचक विकरांत ग्लुटामेटच्या जागी ॲस्पार्टेट असते. मला याहून महत्त्वाचे वाटते ते घळीच्या भिंतींचे अस्तर. कोलिनचा धनभार धरून ठेवणारी जागा ऋणभारित असणार, असे पाठ्यपुस्तके सांगत आली होती. पण घळीत प्रामुख्याने चौदा ॲरोमॅटिक (वलयधारी) अमिनो आम्ले निघाली आणि धनभार पेलण्याचे काम मुख्यतः ट्रिप्टोफॅन ८४ च्या वलयातील इलेक्ट्रॉनांकडे असल्याचे दिसले. अरुंद घळ असूनही एवढा वेग कसा, याचे विकराचे विद्युत्-क्षेत्र रेणूंना आत खेचते, हे स्पष्टीकरण आकर्षक होते खरे. परंतु पुढे मानवी विकरातील घळीच्या तोंडाजवळचे ऋणभार उत्परिवर्तनाने काढून टाकले, तरी वेग फारसा घटला नाही. एखादी रचना उत्तराइतकीच अडचणही हाती देते, ती अशी.

अल्झायमरवरील डोनेपेझिल हे औषध याच घळीत तळाच्या ट्रिप्टोफॅन ८४ पासून तोंडाजवळच्या ट्रिप्टोफॅन २७९ पर्यंत उभे बसते, हे १९९९ मधील रचनेत दिसले. सारिन हा विषारी वायू आणि ऑर्गॅनोफॉस्फेट (फॉस्फरसयुक्त) कीटकनाशके मात्र थेट सेरीन २०० ला फॉस्फरसाचा गट जोडून विकर बंद पाडतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी-शेतमजुरांना झालेल्या विषबाधेच्या वेळी ज्या कीटकनाशकांची नावे पुढे आली, त्यांपैकी मोनोक्रोटोफॉस आणि प्रोफेनोफॉस याच गटातली. अशा रुग्णाला ॲट्रोपीनच्या जोडीने दिले जाणारे प्रॅलिडॉक्झिम, म्हणजे रुग्णालयांतले ‘पॅम’, याच घळीत उतरून सेरीनवरचा तो गट काढते. मात्र वेळ गेला की त्या गटाची एक बाजू तुटते, उरलेला भाग सेरीनला पक्का चिकटतो आणि मग ‘पॅम’ला तो काढता येत नाही, काही विषांत याला कित्येक तास लागतात, तर सोमान या सारिनसारख्या विषात काही मिनिटे पुरतात.