पंधरा जूनच्या रात्री फोन वाजला नाही

मी कोल्हापूरची, त्यामुळे फुटबॉल मला नवा नव्हता. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी मंडळाची मॅच असली की आप्पा मला खांद्यावर बसवून न्यायचे. खेळायचं मात्र पोरांनी, आम्ही फक्त ओरडायचं. न्यू जर्सीत जन्मलेली माझी लेक नवव्या वर्षापासून फॉरवर्ड खेळायला लागली, तेव्हा मला वाटलं, यातलं तरी आपल्याला कळतं. तिला कॉलेजच्या टीममध्ये जायचं होतं तेव्हा समजलं की ओरडण्यापलीकडे मला काही येत नाही.

इथला नियम असा की एनसीएएच्या (कॉलेजांचे खेळ चालवणारी संस्था) डिव्हिजन वनमधल्या, म्हणजे सगळ्यात वरच्या गटातल्या, कोचनं दहावीचं वर्ष संपल्यावर येणाऱ्या १५ जूनपर्यंत मुलीशी भरतीबद्दल बोलायचं नाही. मुलीनं ईमेल पाठवले तर चालतात, पण उत्तर म्हणून फार तर कॅम्पचं पत्रक येतं. माझ्या लेकीनं साठेक कॉलेजांना लिहिलं होतं. २०२३च्या १४ जूनला रात्री तिनं फोन ओट्यावर चार्जिंगला लावला आणि आवाज पूर्ण वाढवून ठेवला. बाराच्या ठोक्याला क्लबमधल्या दोघींचे फोन वाजायला लागले, हे आम्हाला त्यांच्याच ग्रुपवरून कळत होतं. बारा वीसला आमचा वाजला. औषधं तयार आहेत, घेऊन जा, असा औषधाच्या दुकानाचा मेसेज होता! मला हसू आलं. ती न बोलता झोपायला गेली.

पहिलं खरं उत्तर चौथ्या दिवशी आलं. तोवर तिनं व्हिडिओ पुन्हा कापून काढला होता. आधीचा सहा मिनिटांचा होता, नुसते गोल आणि खाली गाणं. क्लबच्या कोचनं सांगितलं, गाणं काढ, चेंडू यायच्या आधीच स्वतःभोवती वर्तुळाची खूण कर, आणि चेंडू नसताना कुठे पळतेस ते दाखव. फोनवर पहिल्याच कोचनं विचारलं ते गोलांबद्दल नव्हतंच. "चेंडू हिसकावला गेला की पुढच्या पाच सेकंदांत तू काय करतेस?" मी शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत कान देऊन बसले होते. आईबापांनी मध्ये बोलायचं नाही, हा नियम कुठे छापलेला नाही, पण पाळावा.

कागदपत्रांत फार अडचण नव्हती. एनसीएएला शाळेचे सोळा मुख्य विषय आणि त्यांत किमान २.३ जीपीए, म्हणजे चारपैकी सरासरी गुण, लागतो. तिचा विज्ञानाचा एक विषय मान्य यादीत बसत नव्हता, तो उन्हाळ्यात दुसरा घेऊन भरून काढला. शाळेनं हे वर्षभर आधी सांगितलं असतं तर आमची एक सुट्टी वाचली असती.

पैशांचं मात्र सांगायलाच हवं, कारण भारतातून प्रत्येक नातेवाईक विचारतो, "मग शिक्षण फुकट ना?" नाही. तेव्हा एका महिला टीमला जास्तीत जास्त चौदा पूर्ण स्कॉलरशिपएवढे पैसे देता यायचे, आणि ते कोच पंचवीस-तीस जणींत तुकडे करून वाटायचा. आमच्या वाट्याला फीच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडं कमी आलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिनं सही केली. 'लेटर ऑफ इंटेंट', म्हणजे खेळाडूला कॉलेजशी बांधणारं पत्र, ऑक्टोबरातच बंद झालं होतं, त्यामुळे सही थेट आर्थिक मदतीच्या करारावर. पुढच्या जूनमध्ये एनसीएएवरच्या खटल्यात कोर्टात तडजोड झाली; तीत सामील होणाऱ्या कॉलेजांची चौदाची मर्यादा गेली, पण त्यांच्या टीमवर २८ खेळाडूंची मर्यादा आली. आमचं कॉलेज सामील झालं. कोचचा फोन येईपर्यंत घरात २८ हा आकडा कुणी उच्चारत नव्हतं. लेक राहिली.

ऑगस्टमध्ये बीप टेस्ट, म्हणजे बीपच्या तालावर पळायची दमाची परीक्षा, मग बेंच. चार फॉरवर्ड तिच्या पुढे, त्यांतली एक पाचव्या वर्षाची, बाईच म्हणा. सगळ्या हंगामात माझी लेक सहा मॅचमध्ये मिळून ७१ मिनिटं खेळली. एका गोलला तिचा पास होता, स्वतःचा गोल नाही.

संध्याकाळी सातची मॅच म्हणजे कोल्हापुरात पहाटेचे साडेचार. आप्पा स्वेटर घालून मोबाईलसमोर बसायचे. घड्याळ उलटं का चालतंय, हा त्यांचा पहिला प्रश्न. इथे पंचेचाळीस मिनिटं शून्याकडे मोजत जातात. दुसरा, "बाहेर बसवलेली पोरगी परत आत कशी आली गं? हा काय फुटबॉल हाय?" कॉलेजच्या नियमांत दुसऱ्या हाफमध्ये एकदा परत येता येतं, हे मी तीनदा समजावलं.

ऑक्टोबरातल्या एका मॅचमध्ये तिला शेवटची अकरा मिनिटं मिळाली. मधून सुरेख पास आला, समोर फक्त गोलकीपर. चेंडू डाव्या पायाला होता. तिनं तो उजव्यावर घेतला, तेवढ्यात डिफेंडर घसरत आली आणि चेंडू बाहेर गेला. मी गाडीपर्यंत चालत जातेय तोच आप्पांचा फोन.

"जेवली का ती?"

"अजून नाही."

"जेवू दे आधी. मग सांग, घराच्या भिंतीवर रोज शंभर, नुसत्या डाव्यानं."