२९८ रुपयांनी बिघडलेलं सिबिल

नाशिकच्या अंबडला आमचा लेबल छपाईचा छोटा गाळा आहे. द्राक्षांच्या पेट्यांवर आणि पनेटवर (छोट्या प्लास्टिक डब्यांवर) लागणारी स्टिकरं, एवढंच काम. पण जानेवारी ते एप्रिल दुपारचा डबा मशीनशेजारी उभ्यानेच खावा लागतो. कागद-शाईवाला रोख मागतो आणि व्यापाऱ्याचं पेमेंट माल पोचल्यावर, म्हणजे देवाच्या मर्जीने. मधल्या दिवसांसाठी बँकेने २ लाखांची ओडी दिलेली आहे. ओडी म्हणजे ओव्हरड्राफ्ट, ठरलेल्या लिमिटपर्यंत बँकेचे पैसे उचलायची सोय. हंगामात उचलायची, पैसे आले की भरायची. चार वर्षं हेच चाललं होतं.

२०२५ च्या ३ फेब्रुवारीला मी कागदाच्या रोलांसाठी १ लाख ९८ हजार ६०० उचलले. लिमिटमध्ये अजून चौदाशे शिल्लक, म्हणून मी निवांत. ९ एप्रिलला पिंपळगावच्या व्यापाऱ्याचं पेमेंट आलं आणि त्याच दिवशी २ लाख ५ हजार खात्यात टाकले. विषय संपला, असं मला वाटलं.

जुलैत पाथर्डी फाट्याला फ्लॅट बघितला. २८ लाखांचं कर्ज हवं होतं, म्हणून दुसऱ्या एका बँकेत गेले. तिथल्या मॅडमनी माझा सिबिल रिपोर्ट, म्हणजे कर्ज कसं फेडलं याची नोंद, काढला, स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि पेनाच्या टोकाने एक चौकोन दाखवला. प्रत्येक महिन्याचा एक चौकोन, सगळ्यांत ०००, ०००, ०००, आणि मार्चच्या चौकोनात ०३१.

“ताई, इथे एकतीस दिवस थकलेत.”

“मॅडम, ही ओडी आहे. हिला हप्ताच नाही, तर थकवणार काय?”

त्या म्हणाल्या, स्टेटमेंट आणा, मग बोलू. स्कोअर, म्हणजे त्या नोंदीवरून पत दाखवणारा आकडा, ७०९ होता.

घरी येऊन स्टेटमेंट काढलं तर उत्तर २८ फेब्रुवारीच्या ओळीत होतं. व्याज, १ हजार ६९८ रुपये, नावे, म्हणजे माझ्या देण्यात जमा. बारा टक्क्यांनी सव्वीस दिवसांचं व्याज त्या चौदाशेत मावलं नाही आणि बाकी २ लाख २९८ वर गेली. म्हणजे लिमिटच्या वर २९८ रुपये. ओडीला हप्ता नसतो हे खरं, पण मंजूर लिमिटच्या वर बाकी राहिली की ती थकबाकी, आणि दिवस तिथून मोजायला सुरुवात होते. २८ फेब्रुवारी ते ३१ मार्च, एकतीस. रक्कम २९८ असो की दोन लाख, चौकोनात दिवसांचाच आकडा येतो. मार्चअखेर आणखी २ हजार ४१ रुपये व्याज लागलं आणि लिमिटच्या वरची रक्कम २ हजार ३३९ झाली. असंच ९० दिवस राहिलं असतं तर खातं एनपीए, म्हणजे बुडीत जाण्याच्या वाटेवरचं कर्ज, ठरलं असतं, हे नंतर सीएंनी सांगितलं तेव्हा पोटात गोळा आला. ओडीत बरेच दिवस काही जमाच झालं नाही, किंवा जमा झालं ते व्याजालाही पुरलं नाही, तरी हाच नियम लागतो म्हणे.

बँकेचा मेसेज आला नव्हता का? आला होता. १ मार्चला. तो नंबर गाळ्यावरच्या फोनचा, ज्यावर दिवसभर यूपीआयचे मेसेज टिंगटिंग वाजत असतात. त्या ढिगात कोण बघतंय!

आणि हे सगळं माझ्या नावावर का, तर धंदा प्रोप्रायटरशिपचा. मालक आणि धंदा कायद्याने वेगळे नाहीत, पॅन एकच. त्यामुळे गाळ्याच्या ओडीचा डाग थेट घराच्या कर्जावर.

तरी रिपोर्टमध्ये एक गोष्ट खटकली. मी सिबिलच्या साइटवरून स्वतःचा रिपोर्ट काढला (वर्षातून एकदा फुकट मिळतो, २०१७ पासून, सिबिलसारख्या चारही क्रेडिट माहिती कंपन्यांकडून). त्यात ओडीची शेवटची नोंद ३१ मार्चचीच होती. बाकी २ लाख २ हजार ३३९, थकबाकी २ हजार ३३९. जुलै उजाडला तरी! जानेवारी २०२५ पासूनच्या नियमाने बँकांनी ही माहिती तेव्हा दर पंधरवड्याला पाठवायची होती. म्हणजे मी पैसे भरून तीन महिने झाले होते आणि कागदावर मी अजून थकबाकीदार होते.

ओडीवाल्या शाखेत गेले. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “ताई, ते सिस्टिमच पाठवतं, आमच्या हातात नाही.” त्या खुर्चीवर बसलं की हे वाक्य आपोआप येत असावं. मी दोन वेगळे अर्ज दिले, तेवढं मात्र शहाणपण सुचलं. एकात लिहिलं की थकबाकी ९ एप्रिलला भरली आहे, नोंद अद्ययावत करा, सोबत स्टेटमेंट. दुसऱ्यात ०३१ काढून टाकण्याची विनंती. पोच घेतली. त्याच दिवशी सिबिलवर ऑनलाइन डिस्प्यूट, म्हणजे नोंदीबद्दलची तक्रार, टाकला. तिथे कळलं की बँकेने होकार दिल्याशिवाय ते स्वतःहून एक आकडाही बदलत नाहीत. मात्र ३० दिवसांत तक्रार निकाली निघाली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. त्यातले पहिले २१ दिवस बँकेचे. अर्जात मी हा नियम लिहिला होता. त्यानेच काम झालं की काय, सांगता येत नाही.

मधल्या काळात एक एजंट म्हणाला, “तीन-चार बँकांत फाइल टाकून ठेवू, कुठे तरी पास होईल.” मी नको म्हटलं. प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टमध्ये उमटते, आणि ०३१ च्या शेजारी चार चौकश्या म्हणजे माणूस पैशासाठी दारोदार फिरतोय असंच दिसणार.

सव्विसाव्या दिवशी पहिला अर्ज मार्गी लागला. थकबाकी शून्य, बाकी शून्य. स्कोअर ७४१. दुसऱ्या अर्जाला नकार आला आणि खरं सांगायचं तर तो बरोबर होता. एकतीस दिवस गेले होते, हे खोटं नव्हतंच. रिपोर्टमध्ये ३६ महिन्यांचा इतिहास दिसतो, तेवढा काळ तो चौकोन राहणार.

कर्जवाल्या मॅडमना मी स्टेटमेंटच्या त्या तीन ओळी हायलाइट करून दिल्या आणि अर्ध्या पानाचं स्पष्टीकरण. त्यांनी वाचलं, हसल्या, म्हणाल्या, “दोनशे अठ्ठ्याण्णव!” कर्ज मंजूर झालं, पण ७.९ ऐवजी ८.१५ टक्क्यांनी, कारण त्यांच्याकडे दर स्कोअरच्या पट्ट्यावर ठरतो. वीस वर्षांच्या हप्त्यात महिना साधारण ४३५ रुपये जास्त. वर्षभर हप्ते नीट गेले की दर कमी करायचा अर्ज द्या, असं त्यांनीच सुचवलं. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.

यंदा ओडी उचलताना सहा हजार खाली सोडले. बारा टक्क्यांनी लाखाला महिन्याचं व्याज हजार, तर दोन लाखांना दोन हजार, म्हणजे तीन महिने पेमेंट लांबलं तरी साधारण पुरतील. खात्याला नंबरही आता माझा लावला आहे. ह्यांनी विचारलं, “लिमिट असताना सहा हजार का सोडतेस?” मी स्टेटमेंटची ती ओळ दाखवली.

पिंपळगावच्या व्यापाऱ्याकडे मागच्या हंगामातले अठरा हजार अजून अडकलेत. फोन केला की म्हणतो, “ताई, तुमचे पैसे कुठे जात नाहीत.”