कोरियन संसारपट: शिलाई मशीन, दुधाची बाटली आणि पहाटेचं जेवण

मंडळी, मोडकळीला आलेल्या संसारांचे कोरियन सिनेमे सालवार बघायचं जे मनावर घेतलं होतं, ते बऱ्यापैकी मार्गी लागलंय. १९५६ पासून सुरुवात केली, सध्या २०१७ला पोचलेय. मध्ये काही खड्डे राहिलेत, ते शेवटी सांगते. वहीत सुरुवातीला ‘कोणाचं कोणाशी’ असा रकाना आखला होता. आता तो दोन शब्दांत संपतो आणि शेजारचा ‘घरात काम कोण करतंय’ हा रकाना मात्र समासापर्यंत जातो. या सिनेमांत लफडं तसं पटकन उरकतं. नवरा-बायको एकमेकांना किती परके झालेत, ते ओट्यापाशी आणि जेवणाच्या टेबलापाशी कळतं.

हान ह्यॉंग-मोचा ‘मादाम फ्रीडम’ (१९५६) एकदा बघून पुढे गेलात तरी चालेल. प्राध्यापकाची बायको परदेशी वस्तूंच्या दुकानात नोकरीला लागते, बॉलरूम नाचाच्या नादी लागते, शेजारच्या तरुणाकडे ओढली जाते. इकडे प्राध्यापक महाशय टायपिस्ट मुलींना व्याकरण शिकवता शिकवता त्यातल्या एकीत गुंतत चाललेत. पाय दोघांचेही घसरतात, पण शेवटी बर्फात दाराबाहेर उभी राहते ती बायको. मूळ कादंबरी १९५४ला वर्तमानपत्रात क्रमशः येत होती तेव्हाही गदारोळ झाला होता. कोरियन युद्ध थांबून वर्षच झालेलं, आणि लोक भांडत होते प्राध्यापकांच्या अब्रूवरून!

खरा मुक्काम पडला तो किम की-यंगच्या ‘हान्यो’वर, म्हणजे मोलकरणीच्या गोष्टीवर (१९६०). नवरा कापड गिरणीतल्या कामगार मुलींना संगीत शिकवतो. बायको रात्रंदिवस मशीनवर शिवणकाम करून दुमजली घरासाठी पैसे जोडते. घर होतं, पण तिची तब्येत खचते, म्हणून मोलकरीण ठेवावी लागते. पुढचं सगळं तिथून सुरू होतं. हे सूत्र ध्यानात ठेवून बघा: ज्या घरासाठी बायकोने हाडाची काडं केली, त्याच घराच्या वरच्या मजल्यावर तिचा नवरा मोलकरणीकडे जातो. मुलगा जिन्यावरून पडून मरतो, तरी बोभाटा होऊन नोकरी जाईल या धास्तीने प्रकरण घराबाहेर जात नाही. उलट मोलकरणीच्या हट्टापायी बायकोच नवऱ्याला वर पाठवते. शेवटी विष घेतलेला नवरा बायकोपाशी मरायला म्हणून जिना उतरू लागतो, मोलकरीण त्याच्या पायाला लोंबकळलेली, तिचं डोकं पायरीपायरीवर आपटत येतं. आणि खाली बायको कुठे? मशीनपाशी. नवं घर हवंसं वाटलं नसतं तर हे घडलं नसतं, असं ती बोलून जाते. नवऱ्याला नाही, त्या बाईलाही नाही, दोष देते ती घराला. मी तिथे सिनेमा थांबवून थोडा वेळ नुसती बसले.

प्रिंटबद्दल: मध्येच काही वेळ चित्र घसरतं, तेव्हा इंटरनेटला शिव्या घालू नका. हरवलेली दोन रिळं पुढे सापडली, पण त्यांच्यावर हाताने लिहिलेली इंग्रजी सबटायटल्स होती. २००८च्या जीर्णोद्धारात ती अक्षरं डिजिटल पद्धतीने पुसली. अमेरिकन दिग्दर्शक मार्टिन स्कोर्सेसीच्या संस्थेचा हात होता त्यात. कोरियन फिल्म आर्काइव्हच्या यूट्यूब चॅनेलवर हा सिनेमा फुकट बघता येतो. आणि हो, जिन्यावरून पडणारा तो व्रात्य पोरगा म्हणजे पुढे कोरियाचा लाडका नट झालेला आन संग-गी.

इम सांग-सूने २०१०ला ‘हान्यो’चं नवं रूप केलं. चकाचक आहे, पण मला फिकं वाटलं. तिथलं घर गडगंज श्रीमंताचं. त्या माणसाचं काय जाणार आहे? १९६०च्या घराचं सगळंच पणाला लागलेलं होतं. नव्या सिनेमातल्या जुन्या, वयस्कर मोलकरणीसाठी मात्र तो जरूर बघा. ती यून यो-जंग. तिचा पहिला सिनेमा किम की-यंगनेच ‘हान्यो’वरून केलेला ‘वूमन ऑफ फायर’ (१९७१), आणि २०२१ला ऑस्कर घेताना तिने त्याचे आभार मानले. इमच्याच ‘अ गुड लॉयर्स वाइफ’मध्ये (२००३) ती सासू आहे. नवरा मरणाच्या दारात असताना आपल्याला दुसरा पुरुष मिळालाय हे ती मुला-सुनेला अशा थाटात सांगते, की ऐकणाऱ्यांनीच ओशाळावं.

आता थोडं कायद्याचं, कारण त्याशिवाय नव्वदीतले सिनेमे अर्धेच कळतात. कोरियात १९५३ पासून व्यभिचार हा फौजदारी गुन्हा होता, दोन वर्षांपर्यंत कैद, बाई आणि पुरुष दोघांनाही. पण तक्रार जोडीदारानेच करायची आणि त्यासाठी आधी घटस्फोटाचा अर्ज टाकायचा. म्हणजे संसार टिकवायचा तर तोंड बंद. घटनात्मक न्यायालयाने २६ फेब्रुवारी २०१५ला सात विरुद्ध दोन मतांनी ते कलम काढून टाकलं. (आपल्याकडचं व्यभिचाराचं कलम ४९७ गेलं २०१८ला. त्यात बायकोला शिक्षाच नव्हती, कारण ती जणू नवऱ्याची मालमत्ता! तो विषय वेगळा.)

जंग जी-वूचा ‘हॅपी एंड’ (१९९९) या पार्श्वभूमीवर बघा. १९९७च्या आर्थिक संकटानंतरचा काळ, नवऱ्याची (छोई मिन-शिक) नोकरी गेलीय. तो जुन्या पुस्तकांच्या दुकानात बसून प्रेमकथा फुकटात वाचतो, घरी टीव्ही मालिका बघून डोळे पुसतो, बाळ सांभाळतो. बायको (चॉन दो-यॉन) मुलांना इंग्रजी शिकवणारी संस्था चालवते, घर तिच्या पैशावर चालतं, आणि तिचा जुना प्रियकर परत आलाय. नवऱ्याला संशय येतो, तरी तो गिळून बसतो. पण एका रात्री प्रियकराला भेटायला निघण्याआधी ती बाळाच्या दुधात झोपेची गोळी मिसळते, आणि तिथून सिनेमाची गाडी उतारावर सुटते. गंमत बघा, रोज ती बाटली कोण भरायचं? नवरा. बिछान्यातला विश्वासघात त्याने एक वेळ पचवला असता, बाटलीतला पचत नाही. पुढे तो जे करतो त्याला माझी अजिबात सहानुभूती नाही. दिग्दर्शकाची आहे की काय, अशी शंका येते.

ली युन-गीच्या ‘कम रेन, कम शाइन’ने (२०११) माझ्या घरच्यांना झोप आणली, मला नाही. विमानतळाकडे जाताना गाडीत बायको सांगते की मी तुला सोडून चाललेय, दुसरा कोणीतरी आहे. सगळं एकाच लांबलचक शॉटमध्ये. नवरा (ह्यॉन बिन) म्हणतो, बरं. पुढे दिवसभर पाऊस, आणि हा गडी तिचे कप कागदात जपून गुंडाळतोय. कांदा चिरताना डोळ्यांना पाणी येतं, तो उठून तोंड धुवायला जातो. रडण्याचं एवढं एकच निमित्त सिनेमा त्याला देतो. इथे चिडचिड झाली तर स्वाभाविक आहे. बायकोचीही तीच तक्रार असते.

शेवटचा होंग सांग-सूचा ‘द डे आफ्टर’ (२०१७). कृष्णधवल. प्रकाशक नवरा भल्या पहाटे, बाहेर अंधार असतानाच जेवायला बसलाय. समोर बायको. ती विचारते, तुझं कोणी आहे का? तो घास घेतो. ती पुन्हा विचारते. तो हसतो, पुन्हा घास घेतो. ‘हो’ नाही, ‘नाही’ नाही. कॅमेरा टेबलाच्या बाजूला ठाण मांडून बसलेला. ती नंतर थेट त्याच्या ऑफिसात जाऊन भलत्याच मुलीला, त्याच दिवशी कामावर रुजू झालेल्या किम मिन-हीला, झोडपते. पण हिशेब त्या टेबलावरच संपलेला असतो. पडद्यावरचे हे दोघे, क्वॉन हे-ह्यो आणि छो युन-ही, प्रत्यक्षातही नवरा-बायको आहेत. हे कळल्यावर मी तो प्रसंग परत लावला, आणि आता तिचे हात जास्त दिसले.

राहिलेले खड्डे: हुर जिन-होचा ‘एप्रिल स्नो’ (२००५) अर्धा झालाय, सध्या तरी ओढून-ताणून वाटतोय. ऐंशीचं दशक जवळजवळ कोरं आहे. तिथे १९८२चा ‘मादाम एमा’ आधी लावणार. रात्रीची संचारबंदी त्याच वर्षी जानेवारीत उठली होती, आणि नवरा तुरुंगात असलेल्या एकट्या बाईची गोष्ट बघायला लोक मध्यरात्रीच्या खेळाला जात होते. सबटायटल्स नीट असलेली प्रत कोणाला माहीत असेल तर कळवा.