मफलर शांत करायचा तर भोक बारीक करू नका

मॉडेल विमानाचा आवाज शेजारच्या वस्तीला टोचतो, म्हणून मफलरच्या तोंडात बारीक नळी ठोकायची, हा उपाय बहुतेक जण करतात. आवाज थोडा दबतो, पण इंजिन मरतं. जळलेला वायू पुरता बाहेर पडत नाही, ताजं मिश्रण कमी शिरतं आणि फुल थ्रॉटलला काही सेकंदांतच आरपीएम (मिनिटाचे फेरे) ढासळतो. आवाज मारायचा तो मफलरच्या डब्याच्या आकारमानाने आणि नळीच्या लांबीने.

40 साइझचं, म्हणजे 6.5 सीसीचं टू-स्ट्रोक ग्लो इंजिन घ्या. 12,000 आरपीएमला सेकंदाला 200 ठोके, म्हणजे 200 हर्ट्झ. 300 अंशांच्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 480 मीटर, तरंगलांबी 2.4 मीटर. वीतभर डब्यात तिचा ट्यून्ड पाइप, म्हणजे तरंगलांबीशी जुळवलेली नळी, होणं शक्यच नाही. इथे डब्यातला वायू स्प्रिंगचं काम करतो आणि नळीतला वायू वजनाचं. या जोडीची स्वतःची कंपनसंख्या ठोक्यांच्या बरीच खाली हवी.

डबा 150 सीसी, नळी आतून 8 मिमी आणि लांबी 5 सेंमी असेल तर ती कंपनसंख्या 197 हर्ट्झच्या आसपास येते. म्हणजे नेमकी ठोक्यांवरच. मफलर गप्प बसण्याऐवजी साथ देतो. तीच नळी 10 सेंमी केली की ती 140 वर उतरते. मूळ ठोक्याला जेमतेम फरक पडतो, पण 400, 600 हर्ट्झचे कानात शिरणारे सूर चांगले दबतात, आणि भोक मात्र 8 मिमीच राहतं.

बनवायला 38 मिमी बाहेरचा व्यास आणि 1.5 मिमी जाडीचा अ‍ॅल्युमिनियम पाइप घ्या, आतली मोकळी लांबी 16 सेंमी. दोन्ही झाकणं बेळगावच्या उद्यमबागेतल्या कुठल्याही लेथवर निघतात. 8 मिमी जाड ठेवा, आत बसायला पायरी काढून घ्या आणि मधून एम4चा (4 मिमी आट्यांचा) लांब स्टड घालून आवळा. 10 मिमी बाहेरची, 8 मिमी आतली नळी मागच्या झाकणातून 9 सेंमी आत जाऊ द्या. तिचं आतलं तोंड इनलेटच्या, म्हणजे इंजिनाचा वायू डब्यात येतो त्या भोकाच्या, समोर येता कामा नये, किमान 2 सेंमी अंतर ठेवा.

इंजिनाकडची फ्लँज (बोल्टने बसणारं तोंड) जुन्या मफलरची कापून आर्गन वेल्डिंगने जोडता येते. पण त्या कास्टिंगच्या छिद्रांत इंधनातलं एरंडेल मुरलेलं असतं. नुसतं पुसून वेल्डरकडे नेलं तर वेल्ड फसफसतो आणि भोकाभोकांचा होतो. आधी तापवून तेल बाहेर काढा, मग थिनरने धुवा, पूर्ण वाळवा आणि मगच वेल्डिंगला द्या.

मफलरमधला दाब इंधनाच्या टाकीत नेणारा, टाकीच्या प्रेशरचा निपल पाइपच्या पातळ भिंतीत नको, तिथे दोनच आटे मिळतात. पुढच्या जाड झाकणात 3.3 मिमी ड्रिल, एम4 टॅप. नंतर सगळं रॉकेलने धुऊन हवेने फुंका. राहिलेला कीस प्रेशरच्या नळीतून टाकीत आणि तिथून नीडलमध्ये, म्हणजे इंधनाचं प्रमाण ठरवणाऱ्या सुईच्या झडपेत जातो, आणि इंजिन ऐन उड्डाणात लीन होतं, म्हणजे त्याला इंधन कमी पडतं.

फ्लँजला उष्णता सोसणारा सिलिकॉन लावा. बोल्ट पहिल्या रननंतर, मफलर कोमट असताना, पुन्हा आवळा. ते ढिले झाले की तेल गळतं आणि प्रेशर जातं.

मफलर बदलला की टाकीतलं प्रेशरही बदलतं. आतली जाळी किंवा बॅफल (आडवा पडदा) काढला, भोक मोठं केलं, की प्रेशर घटून इंजिन लीन होतं. 8 चं 9 मिमी म्हणजे क्षेत्रफळ सव्वापट. म्हणून नीडल आधी अर्धा फेरा उघडूनच सुरू करा आणि मग हळूहळू बंद करत न्या. फुल थ्रॉटलला नाक सरळ वर धरा: आरपीएम किंचित चढला तर ठीक, पडला तर अजून उघडा.

एवढं करूनही आवाज राहिला तर तो पंख्याचा, म्हणजे प्रॉपचा असतो. 10 बाय 6 प्रॉप (10 इंच व्यास, 6 इंच पिच) 14,000 आरपीएमला फिरवण्यापेक्षा 11 इंची प्रॉप 11,000 च्या आसपास चालवलेला बरा.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंच, हवा किनाऱ्यापेक्षा 7 टक्क्यांनी विरळ. इथल्या हवेसाठी बंद करत आणलेली नीडल चोर्ला घाट उतरून गोव्यात नेली की लीन पडते, तेव्हा तिथे पहिला स्टार्ट करण्याआधीच ती थोडी उघडून घ्या.