बोया हुकला

काल मांडव्याहून मित्राच्या यॉटने गेटवेला आलो. खाडी पार झाली मजेत, फजिती झाली ती बोया, म्हणजे बोट बांधायचा तरंगता गोळा, पकडताना. भरतीचं पाणी आत ओढत होतं आणि आम्हीही त्याच दिशेने, सरळ बोयावर. मी पुढे दोर ओढायचा लांब काठीचा आकडा घेऊन वाकलेलो. दोर अडकला खरा, पण बोट थांबायचं नाव घेईना. आकडा हातातून निसटला आणि तरंगत गेला! शेजारच्या होडीतले काका ओरडले, "अरे, बाकीच्या बोटींची तोंडं बघा की!"

सगळ्यांची तोंडं दक्षिणेला. म्हणजे पाण्याच्या सामोरं. वळसा घालून तसंच आलो, बोट बोयाशी जवळजवळ उभीच राहिली. दोर हातानेच उचलला.

गोव्याकडून पहिल्यांदा येणाऱ्यांनो, कुलाब्याच्या टोकाजवळच्या प्राँग्ज दीपगृहाचा खडक जवळून कापू नका, भरतीत तो बुडालेला असतो. रात्री तर येऊच नका, जाळ्यांचे बोये दिसत नाहीत, पंख्यात दोर गुंतला की संपलं. उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं, त्यामुळे धक्क्याला आखडून बांधू नका. आणि लाँचच्या लाटांनी चहा सांडणारच, कप अर्धाच भरा.

आकडा मिळाला का? नाही.